बेवारस नोंदींचे काय करावे?

जुन्या पेढ्यांवर हिशेब ठेवण्याची एक ठरलेली रीत होती. दिवसभरात जो व्यवहार होईल तो होईल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मग त्यातील एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाची. आता एखाद्या दिवशी पैसे तर आले, पण ते कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे याचा उलगडा होत नाही, असे झाले तर मुनीम काय करी? तो ती रक्कम खोडून टाकीत नसे, आणि अंदाजाने कोणाच्या तरी नावावर चढवीतही नसे. ती तो उचंत खात्यात लिहून ठेवी आणि खुलासा होताच योग्य खात्याकडे वळवी. ताळेबंद करण्यापूर्वी उचंत खात्याचा निकाल लावावयाचा, हा शिरस्ता असे.

संगणकावर माहितीची मांडणी करताना आज नेमका हाच प्रश्न उभा राहतो. मुनिमाला जे सवयीने साधत होते ते संगणकापुढे बसलेल्या पदवीधराला पुष्कळदा साधत नाही. त्याची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे; तो रोज ज्या आज्ञा यंत्राला देतो, त्या आज्ञाच धनी न सापडलेल्या नोंदी गुपचूप गाळून टाकतात म्हणून. अशा नोंदींना मी या लेखात बेवारस नोंदी म्हणणार आहे. त्या कशा निर्माण होतात, त्यांच्यामुळे काय बिघडते आणि त्यांची व्यवस्था कशी लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन प्रकारचे तक्ते

१९७० साली आय.बी.एम. कंपनीच्या संशोधन विभागातील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध दोहोंत समान असलेल्या मूल्यावरून जोडावा, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. आजची बँक, रेल्वे आरक्षण, विद्यापीठाची परीक्षा यांचे व्यवहार याच कल्पनेवर उभे आहेत. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी.

पुढे माहिती नुसती साठविण्यापेक्षा तिच्यातून निष्कर्ष काढण्याची गरज वाढली. त्यासाठी तक्त्यांचे दोन वर्ग पाडण्याची पद्धत रूढ झाली. राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' या ग्रंथाने ती सर्वदूर पोचविली. एक वर्ग फॅक्ट टेबलांचा, म्हणजे घटनांच्या तक्त्यांचा. काय घडले, केव्हा घडले, किती झाले, हे त्यात असते. ही आपली रोजकीर्द. दुसरा वर्ग डायमेन्शन टेबलांचा, म्हणजे परिचयाच्या तक्त्यांचा. ज्यांच्या संबंधात घटना घडली ती माणसे, वस्तू, गावे, दिवस यांची ओळख त्यात असते. ही आपली खात्यांची यादी. घटनेच्या तक्त्यात नाव-गाव लिहीत नाहीत, फक्त क्रमांक लिहितात. त्या क्रमांकावरून परिचयाच्या तक्त्यात जाऊन बाकीची माहिती मिळवावयाची.

उदाहरणादाखल एका काल्पनिक महाविद्यालयाचे ग्रंथालय घेऊ. पुस्तकांची देवघेव हा घटनांचा तक्ता. प्रत्येक ओळीत तारीख, सभासद क्रमांक आणि पुस्तकाचा दाखलांक. सभासदांची यादी आणि पुस्तकांची यादी हे परिचयाचे तक्ते. सभासदांच्या यादीत नाव, वर्ग व विभाग लिहिलेला आहे. समजा, वर्षभरात १२,००० देवघेवी झाल्या. प्राचार्यांनी विचारले, 'कोणत्या विभागाचे विद्यार्थी किती पुस्तके नेतात? पुढील वर्षाचा पुस्तक-खरेदीचा निधी त्या प्रमाणात वाटू.' कारकुनाने दोन तक्ते जोडले, विभागवार बेरजा काढल्या आणि सुबक अहवाल पुढे ठेवला. त्या अहवालातील सर्व विभागांची बेरीज मात्र भरते ११,६४०.

तीन टक्क्यांचा भुलावा

बाकीच्या ३६० देवघेवी कोठे गेल्या? त्यांचे सभासद क्रमांक सभासदांच्या यादीत सापडले नाहीत. एस.क्यू.एल. या भाषेत दोन तक्ते जोडण्याची जी सर्वांत प्रचलित आज्ञा आहे, तिला इनर जॉइन म्हणतात. तिचा नियम असा की, दोन्हीकडे जुळणारी ओळ असेल तरच ती उत्तरात यावयाची. एकीकडे जोडीदार नसेल तर ओळ गळते. चूक झाल्याची सूचना येत नाही, घंटा वाजत नाही, अहवालात रिकामी जागा दिसत नाही. जे गळाले त्याचा मागमूस राहत नाही, म्हणून ते कोणी शोधावयास जात नाही.

३६० म्हणजे १२,००० च्या तीन टक्के. एवढी तूट चालावयाचीच, असे कोणी म्हणेल. येथेच खरी मेख आहे. बेवारस नोंदी सर्व विभागांत सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या ज्या कारणाने बेवारस झाल्या ते कारण बहुधा एखाद्याच गटाला लागू असते. समजा, पुरवणी परीक्षेनंतर उशिरा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे सभासदांच्या यादीत चढावयाची राहिली आणि त्यातील बरेचसे विद्यार्थी मराठी विभागातील होते. अहवालात त्या विभागाच्या नावे ४२० देवघेवी दिसतात. बेवारस नोंदींपैकी १२० त्यांच्याच निघाल्या तर खरा आकडा ५४० होतो. म्हणजे एकूण तूट तीन टक्क्यांची, पण त्या एका विभागाची तूट बावीस टक्क्यांची! निधीची वाटणी या अहवालावरून झाली, तर ज्या मुलांना ग्रंथालयाची गरज अधिक, त्यांच्याच वाट्याची पुस्तके कमी होतील. आणि अन्याय केला असे कोणालाही वाटणार नाही, कारण आकडे यंत्राने काढलेले. ग्रंथालयाच्या जागी शिष्यवृत्ती, शिधापत्रिका किंवा निवृत्तिवेतन घाला, म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

जुळणी का होत नाही?

कारणे अनेक असली तरी त्यांचे चार प्रकार करता येतात. पहिला, परिचय मागाहून येणे. घटना आधी घडते, ओळखीची नोंद नंतर होते. आपल्या उदाहरणातील २१० नोंदी अशा आहेत असे मानू. दुसरा, परिचय पुसला जाणे. शिक्षण संपवून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे कोणी 'यादी स्वच्छ' करताना काढून टाकली. त्यांच्या ९० देवघेवी मागे उरल्या. तिसरा, दोहोंकडे तीच व्यक्ती असूनही लिहिण्यात फरक पडणे, अशा ४५. चौथा, त्या घटनेला तो परिचय लागूच नसणे. १५ पुस्तके बांधणीसाठी बाहेर गेली. तेथे सभासद कोणी नाहीच, म्हणून ती जागा कोरी.

यापैकी तिसऱ्या प्रकाराविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या भागात तो विशेष आढळतो. सभासद क्रमांक ०४५७ असा असेल आणि ती यादी एक्सेलमध्ये उघडली, तर पुढचे शून्य सहसा गळून ४५७ उरतात. माणसाला दोन्ही एकच. यंत्राला ०४५७ ही अक्षरे आणि ४५७ हा आकडा भिन्न. क्रमांकाऐवजी नावावरून जुळणी करू पाहावे, तर अडचणी वाढतात. 'कऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र घेऊन, त्याचा पाय मोडून, पाठोपाठ डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी उमटतात, पण यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. शिवाय मराठी मनुष्य आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो, तर दक्षिण कर्नाटकात गावाची व वडिलांची आद्याक्षरे आधी येऊन नाव शेवटी येण्याची रीत आहे. एकाच अर्जावरील 'आडनाव' हा रकाना दोघे वेगवेगळ्या रीतीने भरतात.

गावांच्या नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत बेळगाव, विजापूर, गुलबर्गा यांची जुनी इंग्रजी रूपे आहेत. २०१४ नंतरच्या सरकारी तक्त्यांत बेळगावी, विजयपूर, कलबुर्गी अशी आहेत. नावाचा वाद हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु जनगणनेचा तक्ता आणि अलीकडचा पीक-पाण्याचा तक्ता कोणी केवळ जिल्ह्याच्या नावावरून जोडला, तर हे जिल्हेच्या जिल्हे उत्तरातून नाहीसे होतात, ही वस्तुस्थिती आहे. नाव टाळून संकेतांक वापरला म्हणजे सुटलो असेही नाही. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिच्या शाखांचे जुने आय.एफ.एस. संकेतांक १ जुलै २०२१ पासून बंद झाले. जुन्या नोंदींत जुनेच संकेतांक आहेत, नव्या शाखा-यादीत ते नाहीत. खातेदार तोच, शाखेची इमारतही कदाचित तीच, पण नोंद बेवारस.

'नाही' म्हणजे काय?

चौथ्या प्रकारातील कोरी जागा ही स्वतंत्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अशा जागेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामे अक्षरही नव्हे; तेथे मूल्य नाही एवढेच तो सांगतो. मूल्य आहे पण आपल्याला माहीत नाही, आणि मूल्य असण्याचा प्रश्नच येत नाही, या दोन स्थितींत मोठे अंतर आहे. खुद्द कॉड यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या दोहोंसाठी दोन निराळ्या खुणा असाव्यात असे सुचविले होते. एस.क्यू.एल.ने मात्र एकच नल ठेवला.

त्यामुळे कसा घोटाळा होतो ते पाहा. प्राचार्यांनी विचारले, 'वर्षभरात एकही पुस्तक न नेलेले सभासद किती?' प्रश्न चांगला आहे, कारण परिचय आहे पण घटना नाही, ही उलट बाजूची अनुपस्थितीही बोलकी असते. कारकुनाने नॉट इन ही आज्ञा वापरली: देवघेवीच्या तक्त्यातील सभासद क्रमांकांत ज्यांचा क्रमांक नाही, ते द्या. उत्तर आले, एकही नाही. सर्व विद्यार्थी वाचतात म्हणून आनंद मानावा काय? मुळीच नाही. त्या क्रमांकांत बांधणीच्या पुस्तकांचे नल मिसळलेले होते. एखादा क्रमांक नलपेक्षा वेगळा आहे काय, असे विचारले की यंत्र 'होय' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. 'सांगता येत नाही' म्हणते. 'सांगता येत नाही' अशी ओळ उत्तरात घ्यावयाची नाही, हा नियम. परिणामी एक नल असला तरी सगळे उत्तर रिकामे. येथे नॉट एक्झिस्ट्स ही आज्ञा वापरावी, म्हणजे हा दोष टळतो.

व्यवस्था कशी लावावी?

प्रथम प्रश्न असा की, बेवारस नोंद मुळात आत येऊच का द्यावी? फॉरिन की नावाचे बंधन घातले, तर परिचयाच्या तक्त्यात नसलेला क्रमांक संगणक स्वीकारीतच नाही. प्रत्यक्ष खिडकीवर हे बंधन अवश्य असावे. पण निष्कर्षासाठी माहिती गोळा होते तेव्हा घटना घडून गेलेली असते. नोंद नाकारली म्हणून विद्यार्थ्याने नेलेले पुस्तक कपाटात परत येत नाही. तेथे नोंद नाकारणे म्हणजे घडलेले घडलेच नाही असे म्हणणे होय.

म्हणून पहिला उपाय मोजणीचा. जोडणीपूर्वी घटना किती होत्या आणि नंतर किती उरल्या, हे दोन आकडे प्रत्येक वेळी शेजारी शेजारी मांडावेत. दुसरा, घटनांचा तक्ता डावीकडे ठेवून लेफ्ट आउटर जॉइन वापरावा. १९९२ च्या प्रमाण एस.क्यू.एल.मध्ये या जोडणीला स्वतंत्र रचना मिळाली. तिच्यात डावीकडील प्रत्येक ओळ टिकते. जोडीदार नसल्यास उजवीकडच्या जागा कोऱ्या राहतात.

पण कोऱ्या जागांनी अहवाल भरून चालत नाही. यासाठी किंबॉल यांच्या पद्धतीत परिचयाच्या तक्त्यातच काही खास ओळी आधी घालून ठेवतात. उदाहरणार्थ, उणे एक क्रमांकाची ओळ 'अज्ञात', उणे दोनची 'लागू नाही'. बांधणीची १५ पुस्तके 'लागू नाही'कडे, शोध न लागलेली 'अज्ञात'कडे. हेच ते उचंत खाते! आता प्रत्येक घटनेला धनी मिळाला, बेरीज १२,००० भरली आणि अज्ञात किती हे अहवालात उघड दिसू लागले. पॉवर बी.आय. सारखी साधने न जुळलेल्या घटनांसाठी परिचयाच्या तक्त्याला एक कोरी ओळ आपोआप जोडतात. विद्यार्थी ती कुरूप दिसते म्हणून गाळणी लावून झाकतात. माझे सांगणे असे की ती झाकू नये. तिला 'अज्ञात' असे नाव देऊन ठेवावे.

उशिरा प्रवेश झालेल्यांना मात्र 'अज्ञात'मध्ये लोटणे बरे नव्हे. त्यांचा क्रमांक आपल्याला ठाऊक आहे, नाव तेवढे आलेले नाही. सगळ्यांना उणे एकमध्ये कोंबले, तर दहा विद्यार्थ्यांचा एक विद्यार्थी होतो. त्यांच्यासाठी परिचयाच्या तक्त्यात फक्त क्रमांक लिहिलेली, बाकी रकान्यांत 'माहिती यावयाची' असे नोंदलेली ओळ उघडावी. प्रवेश विभागाकडून यादी आली की ती भरावी. घटनांच्या तक्त्याला हात लावावा लागत नाही. २१० नोंदी आपोआप आपापल्या विभागात जाऊन बसतात.

गेलेल्या विद्यार्थ्यांची ओळ पुसू नये; 'अमुक तारखेस सभासदत्व संपले' एवढे लिहावे. नाव किंवा संकेतांक बदलला, तर जुनी ओळ अमुक तारखेपर्यंत आणि नवी तेथून पुढे, अशी मुदत घालून दोन्ही ठेवाव्यात. जोडणीसाठी बाहेरच्या नावावर वा संकेतांकावर विसंबू नये. आपला स्वतःचा, कशाचाही अर्थ नसलेला अनुक्रमांक द्यावा. त्यालाच सरोगेट की म्हणतात. मूळ क्रमांकही घटनेच्या ओळीत जपून ठेवावा, म्हणजे पुढे शोध घेता येतो.

जुळविण्याचा अतिरेक

बेवारस नोंदी वाईट म्हणून त्या कशाही करून जुळवाव्यात, असे मात्र कोणी समजू नये. 'एस. पाटील' या नोंदीला धनी शोधावयास निघालो, तर बेळगाव जिल्ह्यात पाटलांची वाण नाही. अंदाजाने एकाच्या नावावर ती चढविली, तर एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या माथी बसते आणि दंडाची चिठ्ठी भलत्याच्याच घरी जाते. न जुळलेली नोंद निदान 'मी कोणाची ते ठाऊक नाही' असे प्रामाणिकपणे सांगते. चुकीची जुळलेली नोंद खरी असल्यासारखी मिरवते आणि पुढे ओळखू येत नाही.

उलट दिशेचा आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. परिचयाच्या तक्त्यात एकाच क्रमांकाच्या दोन ओळी असल्या, जुनी व नवी, आणि मुदत पाहिली नाही, तर एक घटना दोनदा मोजली जाते. काही नोंदी गळाल्या आणि तितक्याच दुप्पट झाल्या, तर एकूण बेरीज बरोबर भरते आणि आतले सगळे चुकलेले असते. यासाठी केवळ बेरीज जुळली म्हणून समाधान न मानता, प्रत्येक घटना नेमकी एकदाच आली काय हे तपासावे.

शेवटी, 'अज्ञात' ही ओळ निर्माण केली म्हणजे काम संपले नाही. उचंत खाते वर्षानुवर्षे फुगत ठेवणारी पेढी बुडावयाचीच. त्या ओळीची जबाबदारी एका माणसाकडे हवी, ती दर महिन्यास पाहिली जावी, आणि कोणत्या कारणाने किती नोंदी तेथे आल्या हे लिहिलेले असावे. ती संख्या एकाएकी वाढली, तर प्रवेशाच्या, नोंदणीच्या वा टंकलेखनाच्या कामात कोठेतरी बिघाड झाला आहे, हे त्यावरूनच प्रथम कळते.

विद्यार्थी मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. वाणिज्याचे असा, विज्ञानाचे असा वा कलेचे, पुढे नोकरीत तुमच्या हाती विभागवार, गाववार, जातवार, वर्गवार आकड्यांचे तक्ते येतील आणि त्यांवरून निर्णय होतील. असा तक्ता हाती आला की आधी त्याची शेवटची ओळ पाहा. तेथे 'अज्ञात' अशी ओळ असेल, तर ती कोणाची हे विचारा. आणि ती ओळच नसेल, तर मूळ नोंदी किती होत्या, हे अधिकच आग्रहाने विचारा.